बिघाडांचा क्रम आणि यंत्राचा भरवसा

(दुरुस्त होऊन पुन्हा चालणाऱ्या यंत्रांच्या नोंदी संगणकावर कशा मांडाव्यात आणि त्यांतून काय वाचावे, या विषयावरील भाषणाचा मजकूर)

विजेचा दिवा एकदा गेला की तो काढून टाकावयाचा आणि नवा बसवावयाचा, असा व्यवहार आहे. दिव्याचे आयुष्य म्हणजे तो प्रथम पेटल्यापासून कायमचा विझेपर्यंतचा काळ. शंभर दिव्यांची अशी आयुष्ये मोजली, त्यांची सरासरी काढली, की दिव्यांविषयी बरेच काही कळते. परंतु गावाच्या पाणीपुरवठा योजनेवरील पंप, एस. टी. ची गाडी, रुग्णालयातील जनित्र किंवा साखर कारखान्यातील टर्बाइन यांची गोष्ट निराळी आहे. ही यंत्रे बिघडतात, दुरुस्त होतात, पुन्हा कामाला लागतात आणि कालांतराने पुन्हा बिघडतात. त्यांच्या आयुष्यात एकच बिघाड नसून बिघाडांची एक मालिका असते. संख्याशास्त्रात अशा यंत्रांना दुरुस्तीयोग्य यंत्रणा आणि त्यांच्या बिघाडांना पुनरावर्ती घटना असे म्हणतात.

या मालिकेचा अर्थ लावणे हा केवळ अभ्यासकांच्या आवडीचा विषय नव्हे. पंप उन्हाळ्यापूर्वी संपूर्ण उघडून दुरुस्त करावयाचा की आहे तसाच चालवावयाचा? गाडी आणखी एक वर्ष रस्त्यावर ठेवावयाची की मोडीत काढावयाची? येत्या वर्षासाठी सुटे भाग किती मागवावयाचे? या प्रत्येक प्रश्नामागे सार्वजनिक पैसा आहे, आणि पैशापेक्षाही मोठी अशी माणसांची गैरसोय आहे. पंप बंद पडला तर गावाचे पाणी थांबते. गाडी घाटात उभी राहिली तर चाळीसपन्नास प्रवासी रस्त्यावर येतात.

या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा आगाराच्या, कार्यशाळेच्या किंवा पंपगृहाच्या नोंदवहीत अगोदरच लिहिलेली असतात. ती बाहेर काढण्याचे काम आज संगणकावरील संख्याशास्त्रीय आज्ञावल्या काही क्षणांत करतात. मात्र येथे एक धोका आहे. तीच नोंदवही चुकीच्या पद्धतीने मांडली, तर संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच तत्परतेने आणि तितक्याच सुबक आलेखासह देतो. तेव्हा मांडणी बरोबर असणे म्हणजे काय, हा आजच्या विवेचनाचा मुख्य विषय आहे.

क्रम हरवला की अर्थ हरवतो

समजा, दोन पंप आहेत. दोहोंची नोंद ४१० दिवस ठेवली गेली आणि त्या काळात प्रत्येक पंप सहा वेळा बिघडला. पहिल्या पंपाच्या बाबतीत लागोपाठच्या बिघाडांमधील अंतरे १५५, ९०, ६०, ४५, ३० आणि २० दिवस अशी होती. दुसऱ्या पंपाची अंतरे तीच, पण उलट क्रमाने, म्हणजे २०, ३०, ४५, ६०, ९० आणि १५५ दिवस अशी होती. दोहोंची सरासरी काढली तर ती एकच येते, सुमारे ६७ दिवस. ही सहा अंतरे दिव्यांच्या आयुष्यांप्रमाणे संगणकाला दिली आणि आयुष्यमानाच्या अभ्यासात नेहमी वापरले जाणारे वायबुल वितरण त्यांस लावले, तर दोन्ही पंपांचे उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत तेच येईल. कारण त्या पद्धतीत क्रमाला स्थानच नाही.

परंतु पंपगृहातील कोणताही जाणता मिस्त्री सांगेल की हे दोन पंप एकसारखे नाहीत. पहिला दिवसेंदिवस खालावत आहे; दुसरा सुरुवातीच्या तक्रारी संपवून स्थिरावत आहे. मिस्त्र्याला जे दिसते ते संगणकाला दिसले नाही. त्यात दोष संगणकाचा नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याचा आहे. हॅरोल्ड अ‍ॅशर आणि हॅरी फाइनगोल्ड या अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ मध्ये दुरुस्तीयोग्य यंत्रणांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात नेमक्या याच गोंधळावर बोट ठेवले होते. अंतरे ही एकमेकांपासून स्वतंत्र आणि एकाच जातीची आहेत, असे तपासल्याविना गृहीत धरू नये, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

तपासणीचा एक सोपा मार्ग फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नावाने ओळखला जातो. बिघाड जर संपूर्ण काळात समान रीतीने विखुरलेले असतील, तर बिघाडांच्या दिवसांची सरासरी निरीक्षणकाळाच्या मध्याजवळ पडावयास हवी. वरील उदाहरणात हा मध्य २०५ वा दिवस होय. पहिल्या पंपाचे बिघाड १५५, २४५, ३०५, ३५०, ३८० आणि ४०० या दिवशी झाले. त्यांची सरासरी सुमारे ३०६ येते. दुसऱ्याचे बिघाड २०, ५०, ९५, १५५, २४५ आणि ४०० या दिवशी झाले. त्यांची सरासरी सुमारे १६१ येते. लाप्लास कसोटीचा निर्देशांक पहिल्या पंपासाठी २.०९ आणि दुसऱ्यासाठी उणे ०.९१ असा निघतो. हा निर्देशांक उणे १.९६ ते अधिक १.९६ यांच्या बाहेर गेला, तर शेकडा ५ च्या पातळीवर कल खरा मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे पहिला पंप खालावत असल्याचा पुरावा नोंदीत आहे. दुसरा सुधारत असल्याचे दिसते खरे, पण अवघ्या सहा नोंदींवरून ते सिद्ध होत नाही. दिसणे आणि सिद्ध होणे यांतील हे अंतर सांभाळणे, हाच संख्याशास्त्राचा उपयोग.

नोंद मांडण्याची रीत

संगणकावर अशी नोंद मांडण्यासाठी मुळात चार रकाने पुरतात. पहिल्या रकान्यात यंत्राचा क्रमांक असावा. दुसऱ्यात कालखंडाचा आरंभ आणि तिसऱ्यात त्याचा शेवट असावा. चौथ्यात तो कालखंड बिघाडाने संपला असल्यास १ आणि केवळ निरीक्षण थांबल्यामुळे संपला असल्यास ० लिहावे. एखादे यंत्र ७६ व्या आणि ५३८ व्या दिवशी बिघडले आणि ६४२ व्या दिवसापर्यंत त्याची नोंद उपलब्ध असेल, तर त्याच्या तीन ओळी होतात:

० ते ७६, बिघाड १
७६ ते ५३८, बिघाड १
५३८ ते ६४२, बिघाड ०

यातील तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वेळा विसरली जाणारी आहे. दुरुस्तीच्या जॉबकार्डांवरूनच माहिती गोळा केली तर ही ओळ मिळतच नाही, कारण ६४२ व्या दिवशी काही बिघडले नव्हते आणि म्हणून कार्डही निघाले नव्हते. परंतु १०४ दिवस यंत्र विनातक्रार चालले, ही माहितीच आहे. ती टाकून दिली तर यंत्र आहे त्यापेक्षा वाईट दिसते. याच न्यायाने जे यंत्र एकदाही बिघडले नाही, त्याचीही एक ओळ असलीच पाहिजे: शून्यापासून निरीक्षणाच्या शेवटापर्यंत, बिघाड ०.

यापुढे चार बाबींचा निर्णय नोंद भरण्यापूर्वीच करावा लागतो. पहिली बाब काळाच्या मापाची. पंपासाठी चालू तास, गाडीसाठी किलोमीटर, तर काही यंत्रांसाठी बसवल्यापासूनचे दिवस हे योग्य माप ठरते. वर्षातून चार महिने बंद राहणाऱ्या यंत्राचे वय दिनदर्शिकेवरून मोजले तर त्याची झीज चुकीच्या मापाने मोजली जाते. दुसरी बाब दुरुस्तीत गेलेल्या काळाची. कार्यशाळेत उभ्या असलेल्या गाडीला रस्त्यात बिघडण्याचा संभव नसतो. तेव्हा चालू काळ हे माप असेल तर तेवढा काळ वगळला पाहिजे. तिसरी बाब अशी की, ठरलेल्या वेळी केलेली देखभाल आणि अचानक झालेला बिघाड यांना एकच खूण देऊ नये. चौथी बाब अशी की, नोंदवही उघडली तेव्हा यंत्र जुने असेल, तर पहिल्या ओळीचा आरंभ शून्य नसून त्या वेळचे यंत्राचे वय हा असतो. बाराशे दिवस चाललेल्या पंपाची नोंद आज सुरू झाली, तर त्याचा पहिला कालखंड बाराशेपासून सुरू होतो. त्यापूर्वी तो किती वेळा बिघडला हे ठाऊक नाही, म्हणून तो बिघडला नव्हता असे मानता येत नाही.

एकेचाळीस इंजिनांचा दाखला

या पद्धतीचा एक प्रसिद्ध दाखला अमेरिकेतील आहे. वेन नेल्सन आणि नेसिप डोगानाकसोय यांनी १९८९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन केंद्रात अशा नोंदींच्या विश्लेषणासाठी एक संगणकीय आज्ञावली तयार केली आणि तिच्या अहवालात एका ताफ्यातील ४१ डिझेल इंजिनांची माहिती वापरली. सिलिंडरमधील व्हॉल्व्ह ज्या कड्यावर घट्ट बसतो त्या कड्यास व्हॉल्व्ह सीट म्हणतात. ती झिजली की दाब गळू लागतो आणि ती बदलावी लागते. प्रत्येक इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीटा कितव्या दिवशी बदलल्या आणि त्या इंजिनाची नोंद कितव्या दिवशी थांबली, एवढीच ही माहिती आहे. पुढे ती विश्वसनीयतेच्या अनेक पाठ्यपुस्तकांत आली.

एकूण ४८ सीटा बदलल्या गेल्या. १७ इंजिनांमध्ये एकही बदलावी लागली नाही, तर दोन इंजिनांमध्ये प्रत्येकी चार बदलल्या गेल्या. येथे विचारावयाचा प्रश्न असा: अमुक दिवसांच्या वयापर्यंत एका इंजिनामागे सरासरी किती सीटा बदलाव्या लागतात? या प्रश्नाच्या उत्तराचा जो चढता आलेख निघतो, त्याला सरासरी संचयी फलन म्हणता येईल. नेल्सन यांनी या आलेखाचा पुरस्कार १९८८ च्या एका निबंधात केला आणि २००३ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

हा आलेख काढण्याची कृती इतकी सोपी आहे की ती कागदावरही करता येते. ज्या दिवशी सीट बदलली गेली, त्या दिवशी किती इंजिने निरीक्षणाखाली होती हे मोजावयाचे, बदललेल्या सीटांच्या संख्येला त्या संख्येने भागावयाचे आणि येणारा भागाकार आधीच्या बेरजेत मिळवावयाचा. पहिली सीट ६१ व्या दिवशी बदलली. तेव्हा ४१ इंजिने निरीक्षणाखाली होती. म्हणून आलेख एक भागिले ४१ इतका, म्हणजे सुमारे ०.०२४ ने चढतो. ३७७ व्या दिवसापर्यंत २७ सीटा बदलल्या गेल्या आणि तोवर एकाही इंजिनाची नोंद थांबलेली नव्हती. म्हणून त्या दिवशी आलेखाची उंची २७ भागिले ४१, म्हणजे ०.६६ होते. ३८९ व्या दिवशी एका इंजिनाची नोंद थांबते आणि भाजक ४० होतो. ५७३ व्या दिवसापर्यंत आणखी १२ सीटा बदलल्या जातात आणि उंची ०.९६ वर पोहोचते.

आता न बिघडलेल्या १७ इंजिनांच्या ओळी लिहावयाच्या राहिल्या असे समजा. जॉबकार्डांवरून माहिती घेतली तर हे सहज घडते. भाजक ४१ ऐवजी २४ होतो आणि ३७७ व्या दिवशीची उंची ०.६६ ऐवजी १.१३ येते. तशाच आणखी शंभर इंजिनांसाठी पहिल्या ३७७ दिवसांत लागणाऱ्या सीटांचा अंदाज ६६ ऐवजी ११३ असा निघेल. गणितात चूक नाही, यंत्रात दोष नाही, आज्ञावलीही निर्दोष आहे. चूक आहे ती न लिहिलेल्या १७ ओळींची, आणि तिची किंमत भांडारात पडून राहणाऱ्या मालाच्या रूपाने मोजावी लागते.

आलेखाचे उजवे टोक

या आलेखाचा पुढील भाग अधिक विचार करावयास लावतो. ५७३ ते ६५३ या ८० दिवसांत त्याची उंची ०.९६ वरून १.५४ वर जाते. आधीच्या गतीने पाहिले तर एवढ्या दिवसांत ती ०.१३ च्या आसपास वाढावयास हवी होती. वाढ चौपटीहून अधिक आहे. घाईने पाहणारा म्हणेल की सहाशे दिवसांनंतर इंजिने झपाट्याने झिजतात. सर्व इंजिने ताबडतोब उघडा.

परंतु येथे थांबून भाजकाकडे पाहिले पाहिजे. ६५३ व्या दिवशी निरीक्षणाखाली केवळ नऊ इंजिने उरली होती. इतर इंजिने निकामी झाली नव्हती. त्यांची नोंद तेवढ्यावर थांबली होती. त्या एका दिवशी एकाच इंजिनाच्या दोन सीटा बदलल्या गेल्या आणि दोन भागिले नऊ, म्हणजे ०.२२ इतकी उडी आलेखाने घेतली. ८० दिवसांतील ०.५८ वाढीपैकी ०.२२ वाढ एका इंजिनाच्या एका दिवसाची आहे. ती वगळली तरी ६४६ व्या दिवसापर्यंतची गती पूर्वीच्या सुमारे तिप्पट राहते. म्हणून इशारा अगदीच पोकळ नाही. मात्र ५७३ व्या दिवसानंतरच्या एकूण नोंदी अवघ्या नऊ आहेत, हे ध्यानात घेतल्यास शहाणपणाचा निर्णय असा होईल की, पुरेशा सीटा भांडारात ठेवाव्यात, सहाशे दिवस ओलांडणाऱ्या इंजिनांवर बारीक नजर ठेवावी आणि नोंद चालू ठेवावी. केवळ या टोकाच्या चढावर ताफ्यातील सर्व इंजिने उघडण्याचा खर्च करू नये.

हा सावधपणा संगणकही सुचवतो, पण त्याला तसे विचारले तर. आलेखाच्या दोन्ही बाजूंस विश्वासमर्यादा काढून मागाव्यात. उजव्या टोकाकडे त्या रुंदावत गेलेल्या दिसतात, आणि ती रुंदी हाच माहिती विरळ झाल्याचा संकेत असतो. या मर्यादा काढताना यंत्राचा क्रमांक आज्ञावलीला सांगणे आवश्यक आहे. एकाच इंजिनाच्या चार ओळी म्हणजे चार इंजिने नव्हेत. त्या ओळी एकाच यंत्राच्या आहेत हे सांगितले नाही, तर संगणक त्यांना परस्परांपासून स्वतंत्र समजतो आणि मिळणाऱ्या मर्यादांवर विसंबता येत नाही.

वेगवेगळ्या यंत्रांच्या नोंदी एकत्र करतानाही असाच विवेक लागतो. फ्रँक प्रोशन यांनी १९६३ मध्ये बोइंग ७२० विमानांतील वातानुकूलन यंत्रणेच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व विमानांच्या नोंदी एकत्र पाहिल्या तर यंत्रणा जणू काळाबरोबर सुधारत असल्यासारखी दिसत होती. प्रोशन यांनी दाखवून दिले की, प्रत्येक विमानाचा बिघाडदर आपापल्या परीने स्थिर, पण एकाहून दुसऱ्याचा वेगळा असेल, तर केवळ मिसळण्यानेच असा आभास निर्माण होतो. चांगली आणि वाईट यंत्रे एकाच पिशवीत घालून काढलेली सरासरी दोहोंपैकी कोणाचेच वर्णन करीत नाही. घाटातील गाड्या आणि सपाटीवरील गाड्या यांच्या नोंदी एकत्र करण्यापूर्वी याची आठवण ठेवावी.

अक्षर एक, अर्थ दोन

आलेख पाहून झाल्यावर पुढची पायरी म्हणजे त्याला एखादे गणिती सूत्र लावणे. जे. टी. डुएन यांनी १९६४ मध्ये असे दाखवले की, विकासाच्या अवस्थेतील यंत्रांचा संचयी बिघाडदर आणि संचयी काळ लॉग मापाच्या कागदावर मांडले तर बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत पडतात. लॅरी क्रो यांनी १९७४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या सामग्री विश्लेषण संस्थेत काम करताना त्याला संभाव्यताशास्त्राची बैठक दिली. या प्रतिमानात बीटा ही संख्या निर्णायक असते. ती एकापेक्षा कमी असेल तर यंत्र सुधारत आहे, एक असेल तर बिघाडदर स्थिर आहे आणि एकापेक्षा अधिक असेल तर यंत्र खालावत आहे, असा अर्थ होतो. वरील पंपांपैकी पहिल्याचा बीटा २.९४ आणि दुसऱ्याचा ०.७४ येतो. ज्या सहा अंतरांतून पूर्वी एकच उत्तर निघाले होते, त्यांतूनच क्रम राखल्यावर दोन परस्परविरोधी उत्तरे निघाली.

येथे एका सापळ्याचा उल्लेख केला पाहिजे. दिव्यांच्या आयुष्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वायबुल वितरणातही बीटा असतो आणि दोन्ही सूत्रे दिसावयास जुळी भावंडे आहेत. परंतु वायबुलचा बीटा नव्या भागाच्या पहिल्या बिघाडाविषयी बोलतो, तर क्रो यांच्या प्रतिमानातील बीटा दुरुस्त होत जाणाऱ्या संपूर्ण यंत्राच्या बिघाडमालिकेविषयी बोलतो. दोहोंच्या मागची गृहीतकेही भिन्न आहेत. दुरुस्तीनंतर यंत्र बिघाडापूर्वी जसे होते तसेच राहते, असे क्रो यांचे प्रतिमान मानते. याउलट, अंतरांना आयुष्ये मानणारा हिशेब दुरुस्तीनंतर यंत्र अगदी नवे होते असे गृहीत धरतो. पंपाचे एक बेअरिंग बदलल्याने पंप नवा होत नाही आणि संपूर्ण ओव्हरहॉलनंतर तो अगदी जुनाही राहत नाही. या मधल्या वास्तवासाठी जपानी गणिती मासाकी किजिमा यांनी १९८९ मध्ये आभासी वयाची कल्पना मांडली. दुरुस्तीने यंत्राचे वय काही अंशी मागे जाते, अशी ती कल्पना होय. कोणते गृहीतक स्वीकारावयाचे, हे संगणक ठरवू शकत नाही. दुरुस्तीत प्रत्यक्ष काय केले गेले, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते ठरवावयाचे असते.

आज्ञावलींची निवड व पडताळा

या कामासाठी आज अनेक साधने उपलब्ध आहेत. मिनिटॅबमध्ये दुरुस्तीयोग्य यंत्रणांसाठी, जेएमपीमध्ये पुनरावर्ती घटनांसाठी आणि सॅसमध्ये विश्वसनीयतेसाठी स्वतंत्र विभाग आहेत. ज्यांना विकत घेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी आर ही विनामूल्य प्रणाली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तिचा पाया घातला आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. तीमधील सर्व्हायव्हल आणि रेडा या दोन संचांत हे विश्लेषण करता येते.

सर्व्हायव्हल हा संच मुळात जगण्या-मरण्याच्या अभ्यासासाठी आहे; म्हणून तो वापरताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे की, सामान्यतः तो जिवंत राहिलेल्यांच्या प्रमाणाचा उतरता आलेख काढून देतो. पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या यंत्राच्या बाबतीत त्या आलेखाला अर्थ नाही. मागावयाचा आलेख संचयी धोक्याचा, म्हणजे चढता. तोच वर वर्णिलेला सरासरी संचयी आलेख होय. दुसरे पथ्य एकाच दिवशी झालेल्या दोन बिघाडांविषयीचे. वरील ४१ पैकी एका इंजिनाच्या दोन सीटा १३९ व्याच दिवशी बदलल्या गेल्या. चार रकान्यांच्या रीतीने लिहिले तर दुसरी ओळ १३९ ते १३९ अशी शून्य लांबीची होते. आज्ञावली इशारा देऊन ती ओळ बाद ठरवते, आणि इशारा वाचला नाही तर एक बिघाड गुपचूप गळून पडतो. अशा वेळी पहिल्या बिघाडाची वेळ अल्पशा अंशाने मागे लिहावी.

सुदैवाने या दोन्ही संचांत ४१ इंजिनांची ही माहिती उदाहरण म्हणून दिलेली आहे. तेव्हा नव्याने शिकणाऱ्याने आपल्या आगाराची किंवा पंपगृहाची नोंद भरण्यापूर्वी हीच माहिती चालवून पाहावी. ३७७ व्या दिवशी ०.६६, ५७३ व्या दिवशी ०.९६ आणि ६५३ व्या दिवशी १.५४ ही उत्तरे आली तर मांडणी बरोबर आहे. न आली तर कोठेतरी ओळ गळली आहे किंवा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मागितले गेले आहे. हातच्या हिशेबाशी जुळलेली आज्ञावलीच परक्या माहितीवर वापरण्यास योग्य ठरते.

नोंदवहीचे मोल

मित्रहो, पुणे आणि तत्कालीन अहमदनगर यांच्या दरम्यान १ जून १९४८ रोजी एस. टी. ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून आजवर असंख्य यंत्रे महाराष्ट्राच्या सेवेत झिजली. त्यांच्या बिघाडांचा हिशेब ज्या हातांनी लिहिला, ते हात बहुधा तेलाने माखलेले होते. गाडी कितव्या किलोमीटरला उभी राहिली, कोणता भाग बदलला, पंप किती तास चालला, हे लिहिणाऱ्या मिस्त्र्याला किंवा कारकुनाला त्या ओळीचे पुढे काय होते हे कोणी सांगत नाही. म्हणून ती पुष्कळदा घाईने लिहिली जाते आणि ज्या दिवशी काही घडले नाही, त्या दिवशी लिहिलीही जात नाही.

वरील सर्व विवेचनाचा मथितार्थ एवढाच की, यंत्राचा भरवसा दोन गोष्टींवरून कळतो: ते कोणत्या क्रमाने बिघडले आणि ते किती काळ न बिघडता चालले. पहिली गोष्ट सरासरीत हरवते आणि दुसरी जॉबकार्डांत नसते. या दोन्ही राखणारी नोंदवही असेल, तर साध्या संगणकावरील विनामूल्य आज्ञावलीही उपयुक्त उत्तर देईल. ती नसेल तर महागडी प्रणालीही केवळ नीटनेटकी चूक छापून देईल. यास्तव ज्या कार्यशाळेला हे काम सुरू करावयाचे असेल, तिने संगणकाच्या खरेदीपूर्वी नोंदवहीत एक ओळ वाढवावी. दर महिन्याच्या अखेरीस प्रत्येक यंत्रापुढे, ते बिघडलेले असो वा नसो, त्या दिवसापर्यंतचे त्याचे चालू तास किंवा किलोमीटर लिहावेत. ही ओळ लिहिण्यास एक मिनिट लागते. गावाचा पंप उन्हाळ्यापूर्वी उघडावयाचा की नाही, याचे उत्तर पुढे त्याच ओळीवरून मिळणार असते.